ओला अंगठा

तिचा हात माझ्या कपाळाशी आला आणि मागून मावशी ओरडल्या, "ए माले! हात खाली!"

मी स्टुलावर बसले होते, माला कॉटच्या कडेवर. आमच्या मध्ये कापसाचा ढीग आणि वळलेल्या वातींचं ताट. हात झडप घातल्यासारखा आला नव्हता, सावकाश आला होता. पण मावशींनी धावत येऊन तिचं मनगट पकडलं तशी मी दचकून मागे सरले, स्टूल कलंडलं आणि ताट उलटून वाती फरशीभर झाल्या. मालानं हात सोडवायलाही बघितलं नाही. नुसती माझ्या कपाळाकडे बघत राहिली, हातातलं काम अर्ध्यावर राहिल्यासारखी.

"लागलं का गं पोरी?" मावशींना धाप लागली होती. आया म्हणून त्यांचा जन्म याच वॉर्डात गेलेला. "किती वेळा सांगितलं, हातभर लांब बसा म्हणून. दिसायला गरीब गाय, पण पोटच्या लेकराच्या नरड्याला..."

"मावशी," दारातून आवाज आला. "आधी वाती गोळा करा. देवापुढे जायच्यात त्या."

लोखंडे मॅडम होत्या. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला मानसिक आरोग्याचा विषय त्या शिकवायच्या, आणि त्याच विषयासाठी आम्हा मुलींना घेऊन या मनोरुग्णालयात आल्या होत्या. जाड भिंगाचा चष्मा, संध्याकाळपर्यंत सुजणारे पाय, आणि कायम दमलेला आवाज. त्यांनी मला खुणेनं ड्युटी रूममध्ये बोलावलं.

"काय झालं?"

"मॅडम, तिनं माझ्यावर हल्ला..."

"हल्ला हा तुझा शब्द झाला, सोनटक्के. झालं काय ते सांग."

"तिनं हात उचलला."

"मूठ होती?"

"नाही."

"नखं?"

मी डोळे मिटून आठवून बघितलं. "अंगठा होता. अंगठा पुढे केलेला. आणि ओला होता, मॅडम. आधी तिनं पेल्यातल्या पाण्यात बुडवला होता."

मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. "अंगठा ओला करून कुणी कुणाचा गळा दाबतं का गं?"

"नाही."

"मग काय करतं?"

मी माझ्याच अंगठ्याकडे बघितलं.

"मलाही नाही माहीत. जा, परत जाऊन बस तिच्यापाशी."

"आत्ता?"

"आत्ताच. आज तू उठून गेलीस तर तिला एवढंच कळेल की आपण हात पुढे केला की माणसं पळतात. वाती तरी पुन्हा वळायच्या आहेतच."

प्रत्येक विद्यार्थिनीला एकेक पेशंट नेमून दिलेली असायची. तिच्याजवळ बसायचं, तिचं खाणंपिणं, झोप, बोलणं बघायचं. माझ्या वाट्याला विजयमाला आली. वॉर्डात तिला सगळे मालाच म्हणायचे. माझ्याच वयाची, पहिलटकरीण. मुलगी झाली, माला तिला घेऊन दवाखान्यातून थेट सासरी आली, आणि थोड्याच दिवसांत झोपेनाशी झाली, जेवेनाशी झाली, भिंतीशी बोलायला लागली. मग एका पहाटे सासू उठून बघते तर ही ओलं फडकं घेऊन बाळाच्या तोंडावर वाकलेली आणि बाळ रडून रडून निळं पडलेलं. सासूनं बाळ हिसकावून घेतलं, आरडाओरड केली, गल्ली गोळा झाली. नवऱ्यानं गाडी करून तिला इथं आणलं. केसपेपरवर लिहिलं गेलं, बाळाला इजा करण्याचा प्रयत्न.

बाळ सासूकडे होतं, वरच्या दुधावर. बारसं अडलेलं, त्यामुळे नावही नव्हतं. नवरा संपत गुरुवारी, भेटीच्या दिवशी यायचा. बिस्किटाचा पुडा द्यायचा आणि बायकोशी काय बोलावं ते न कळून पंख्याकडे बघत बसायचा. सासू एकदाही आली नव्हती. तिचा निरोप मात्र आला होता. औषधपाणी करा, बरी झाली की तिच्या माहेरी सोडा. लेकरू पुन्हा तिच्या हातात द्यायचं नाही.

"आई म्हणती ते बी खरंच हाय ना सिस्टर," संपत मला म्हणाला होता. "परत असं काय झालं तर?"

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "बाळंतपणानंतरचा आजार आहे. औषधानं उतरेल. पण बरी होऊन ती कुठं जाणार, ते काही आपल्या गोळ्या ठरवत नाहीत."

उन्हाळ्याचे दिवस होते. वॉर्डाच्या खिडक्या उंच आणि लहान, वारा वरच्या वर निघून जायचा. आम्हाला आत येताना केसांच्या पिना, कानातलं, गळ्यातली चेन, सगळं काढून ठेवावं लागे. ओढणी तर नाहीच. दाराला कायम कुलूप, किल्ली सिस्टरांच्या कमरेला. गोळ्या दिल्या की "आ करा, जीभ वर करा" म्हणून तोंड बघायचं, कारण काहीजणी गालात धरून नंतर थुंकायच्या. हॉस्टेलवर परत गेले की हातपाय न दुखता मी इतकी दमलेली असायची की डबा उघडून तशीच बसून राहायची. दिवसभर केलेलं काय, तर बसणं.

मॅडम म्हणायच्या, बसणं हेच काम आहे. त्यांच्या शिकवण्यात व्याख्या कमी आणि मनाई जास्त. 'का' विचारायचं नाही. 'का' विचारलं की माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभं राहतं. पेशंटला जे दिसतं ते नाही म्हणून भांडायचं नाही, आणि आहे म्हणून होकारही भरायचा नाही. सगळं ठीक होईल, असं म्हणायचं नाही.

"ते का नाही?" प्रणोतीनं एकदा विचारलं होतं. माझी रूममेट, धीट पोरगी. "धीर नको का द्यायला?"

"तुला माहितीये का सगळं ठीक होईल ते?"

"नाही."

"मग थाप मारतेस तू. आणि या बायका आजारी आहेत, खुळ्या नाहीत. थाप त्यांना कळते."

माला बोलायचीच नाही, त्यामुळे माझी चूक व्हायची सोयही नव्हती. ती वाती वळायची. वॉर्डातल्या बायकांना दुपारी काम म्हणून ते दिलेलं असे. तिच्या वाती लांब आणि सारख्या यायच्या, माझ्या अळ्यांसारख्या. मध्येच ती अंगठा पाण्यात बुडवून कॉटची कड घासायची, खिडकीचा गज घासायची. तेवढंच.

एका दुपारी खिडकीबाहेर मांजराची पिल्लं ओरडायला लागली. मालाचे हात थांबले. थोड्या वेळानं बघते तर तिच्या हिरवट झग्यावर छातीशी दोन ओले डाग. मला वाटलं, पेला सांडला. मी पुसायला रुमाल पुढे केला तर तिनं दोन्ही हात छातीवर गच्च धरून पाठ फिरवली. मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी वॉर्डाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पाणी नव्हे गं ते." आणि उठून डॉक्टरांकडे गेल्या. ते दूध होतं, एवढं मला कळलं होतं, बाकीचं कळायला वर्षं गेली. आता माझी मुलगी अंगावर पिते; शेजारच्या फ्लॅटमधलं बाळ रडलं तरी माझा ब्लाऊज भिजतो, आणि दर वेळी मला ती वळलेली पाठ दिसते.

वाती सांडल्या त्या दिवशी मॅडमनी पाठवल्यावर मी परत जाऊन बसलेच, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्यासमोर बसले. हातभर अंतरावर नाही, आदल्या दिवशी होते तिथंच. झोप झाली नव्हती, डोकं दुखत होतं. मालानं माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा आपण होऊन बोलली.

"तुमच्या बी हाय."

"काय आहे?"

"कपाळावर." तिनं बोट उचललं, मावशींकडे बघून खाली घेतलं. "रेघा."

मी नकळत कपाळाला हात लावला. आठ्या पडल्या होत्या, डोकेदुखीनं. "काल तुम्हाला त्या दिसल्या?"

तिनं मान हलवली. "पुसायला जात व्हते."

माझ्या घशाशी 'का' आला. तो गिळला. "पुसल्या की काय होतं, मालाताई?"

ती कापूस पिंजत राहिली. मीही. गप्प बसणं सोपं नसतं. शब्द ओठाशी येऊन उभे राहतात, दारातल्या पाहुण्यांसारखे. कापूस पिंजून संपला. शेवटी ती माझ्याकडे झुकून पुटपुटली, "सांगते. पण कुणाला सांगणार न्हाई म्हणा."

एवढ्या दिवसांनी हे दार किलकिलं झालं होतं. हो म्हटलं की उघडणार होतं. दुसऱ्या कुठल्याही बाईनं, मैत्रिणीनं, बहिणीनं पटकन हो म्हटलं असतं.

"तसं मला म्हणता येणार नाही," मी म्हणाले. "तुमच्या उपयोगाचं असेल तर मॅडमना सांगावं लागेल मला. बाकी कुणाजवळ बोलणार नाही."

मालाचा चेहरा मिटला. तिनं ताट ओढून घेतलं, माझ्याकडे पाठ केली आणि त्या दिवशी पुन्हा बोलली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

"घालवलंस ना," प्रणोती रात्रीच्या जेवणाला म्हणाली. "हो म्हणायचं गं. मॅडमना कुठं कळणार होतं?"

मॅडमना मी सांगितलं तेव्हा त्यांनी शाबासकी दिली नाही, काही नाही. "उद्याही जाऊन बस," एवढंच म्हणाल्या. मला रडू यायला लागलं होतं. "ती बोलणार नाही आता, मॅडम."

"नाही बोलली तर नाही. आपण तिचं गुपित काढायला आलो नाही इथं. तिची झोप किती झाली काल?"

"रात्रभर झोपली, सिस्टर म्हणत होत्या."

"मग. गोळ्या लागू पडतायत. घाई तुला आहे, तिला नाही."

मी जाऊन बसत राहिले. मालाची झोप वाढली, डोळ्यांखालचा काळेपणा उतरला. कॉटची कड घासणं कमी झालं. मग एक दिवस तिनं माझ्या हातातली अळीसारखी वात काढून घेतली, उलगडली, नीट वळून दिली, आणि मान वर न करता म्हणाली, "तुम्ही खोटं बोलला न्हाईसा."

"कधी?"

"त्या दिवशी. सगळी मला हां हां म्हणत्यात. संपत बी. आणतो म्हणला लेकराला, आणलं न्हाई. तुम्ही न्हाई म्हणलासा, ते न्हाईच." वात ताटात ठेवली. "तुमच्या मॅडमला सांगा मग. चालंल."

आणि तिनं सांगितलं.

पाचवीची रात्र. पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. पाटा-वरवंटा पुजतात, दिवा ठेवतात, कोरा कागद आणि पेन ठेवतात. बाळंतिणीनं जागायचं असतं. सासूनं मालाला बजावून सांगितलं होतं, डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस. मालाला दोन दिवस कळा सोसाव्या लागल्या होत्या, टाके ओले होते, त्यात लेकरू घटकाघटकेला उठायचं. ती पाट्यासमोर बसल्या बसल्या झोपली.

"उठले तर उजाडलेलं. दिवा इझलेला. आन् लेकराच्या कपाळावर बघितलं तर..." तिनं पाणी प्यायलं. "रेघाच रेघा. वाकड्यातिकड्या. ती आली, बघितलं, आई झोपलीय. रागानं कसंबी लिव्हून गेली. समदी नशीब पुसलं गेलं म्हणत्यात ना, म्हणलं पुसायचंच. रोज थोडं थोडं पुसायची, अंगठ्यानं. जाईना. मग फडकं घेतलं."

माझ्या हातातला कापूस तसाच राहिला. नवं मूल रडताना कपाळाला किती आठ्या घालतं, हे मी बालविभागात किती वेळा बघितलं होतं. ओठावर आलंच होतं, अहो त्या नुसत्या आठ्या, सगळ्या बाळांना असतात. पण भांडायचं नाही.

"तुम्हाला वाटलं तिचं नशीब वाईट लिहिलं गेलं," मी म्हणाले. "आणि ते तुमच्या झोपेमुळे."

माला मान हलवत राहिली, हलवतच राहिली, आणि मग मोठ्यानं रडली. शेजारच्या कॉटपाशी सगळं ऐकत असलेल्या मावशी धावत आल्या, माझ्याकडे बघून थांबल्या, आणि आपल्या पदरानं तिचं नाक पुसलं. "रड बाई," म्हणाल्या. "आम्ही काय नि काय समजलो."

मॅडमनी ऐकलं आणि खुर्चीत मागे टेकल्या. डॉक्टरांशी बोलल्या. डॉक्टर म्हणाले, केसपेपरवर हे यायला हवं, आणि बाळाची भेट करून बघू, आपल्यासमोर, नर्स जवळ ठेवून. संपतला फोन गेला. सासूनं यायलाच हवं, असा निरोप.

"त्यांना आपण सगळं आधी सांगून ठेवू या ना," मी म्हणाले. "म्हणजे त्या तिला सांगतील, की मी जागी होते, काळजी करू नको. तिचं मन शांत होईल."

"त्या जागी होत्या?"

"ते... नाही माहीत."

मॅडमनी नुसतं माझ्याकडे बघितलं. "मालाचं बोलणं माला सांगेल. सांगावंसं वाटलं तर. आपण शेजारी बसू."

गुरुवारी सासू आली. काटक, ठेंगणी, नऊवारीतली बाई, छातीशी दुपट्यात बाळ. मागे संपत पिशवी घेऊन. मला वाटलं होतं भांडकुदळ असेल. होतीच थोडी. फाटकावर पिशवीतली धातूची डबी काढून घेतली म्हणून तणतणत आली होती. पण भेटीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली आणि तिचे डोळे बघून मी ओळखलं. लाल, खोल गेलेले. रात्र रात्र बाटली धरून बसणाऱ्या बाईचे डोळे.

"माझं काय वय हाय का लेकरं सांभाळायचं?" ती माझ्याशी बोलली की स्वतःशी, कुणास ठाऊक. "हिला दूध पचत न्हाई वरचं. निम्मं वकती. पण काय करायचं, जीव तर वाचला पायजे."

आत माला खुर्चीवर बसली होती, वेणी घातलेली. मावशींनी घातली होती. सासू समोर बसली, बाळ आणखी घट्ट धरून. संपत दाराशी. मॅडम आणि मी बाजूला. मालानं बाळाकडे बघितलंही नाही, नजर सासूच्या पायांवर. मी काही बोलणार तेवढ्यात मॅडमनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

बाळ दुपट्यात चुळबुळलं. पंखा खरखरत होता.

"आत्याबाई," माला म्हणाली. सासूला ती तसं म्हणायची. "मी झोपले व्हते."

"कवा?"

"पाचवीला. तुम्ही जाग म्हणलासा. मी झोपले. तिनं रागानं लिव्हलं. मी पुसत व्हते, आत्याबाई. लेकराचं तोंड दाबत नव्हते. कपाळ पुसत व्हते."

सासू तिच्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते मला नीट सांगता यायचं नाही. ती पहाट असेल, फडकं असेल, जमलेली गल्ली असेल. "पुसत व्हतीस?" ती म्हणाली. "आन् मी गावभर..." पुढचं तिनं पदरात तोंड घालून गिळलं.

आणि मी मनातल्या मनात तिला विनवत होते. म्हणा, मी जागी होते. माझं सगळं शिक्षण बाजूला ठेवून मला तेवढं एक खोटं हवं होतं.

सासूनं पदर खाली घेतला.

"झोपलीस व्हय," ती म्हणाली. "मग? मी काय जागी व्हते?"

मालानं मान वर केली.

"तुम्हीच म्हणलासा की..."

"म्हणायला काय जातंय? माझ्या सासूनं मला म्हणलं, मी तुला म्हणलं. हा संपत झाला तवा त्याच्या पाचवीला दिवा लावला आन् जी आडवी झाले ती कोंबडं आरवल्यावर उठले. सासू माझ्या शेजारी घोरत व्हती. चार बाळंतपणं झाली माझी, एका बी पाचवीला डोळा उघडा ऱ्हायला न्हाई. बाळंतीण म्हंजी काय दगड असती?"

"मग लिव्हायला..."

"लिव्हती की ती! तिला काय आपण उठून च्या करून द्यायचाय? बाया दमून झोपल्या की मगच येती ती. ती बी बाईच हाय, तिला कळत न्हाई व्हय?"

संपतच्या तोंडून हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात लपवलं. मॅडम खिडकीकडे बघत होत्या.

"आन् रेघा?" मालानं विचारलं. आवाज एवढासा.

"आगं, नऊ महिने आकसून बसलेलं लेकरू, आठ्या घिऊनच येतंय. हा संपत तर म्हाताऱ्यासारखा दिसायचा. बघ, आता हायत का?" आणि तिनं, इतके दिवस घट्ट आवळलेलं दुपटं सैल करून, बाळ पुढं केलं.

मी खुर्चीच्या कडेवर आले होते, वेळ पडली तर हात घालता यावा म्हणून. माला वाकली. तिनं खूप जवळून बघितलं. गुळगुळीत कपाळ, घामानं चिकटलेले दोन केस. तिचा उजवा अंगठा वर आला, कोरडा, आणि कपाळाच्या वर थोडासा थांबला.

मग तिनं सासूकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घालून, घरातल्या बाईच्या रागानं म्हणाली, "आत्याबाई, तीट कुठाय? एवढं लेकरू बाहेर काढलं, तीट न लावता?"

"काजळाची डबी फाटकावर काढून घेतली की त्या मेल्यानं! पिशवीत हात घालून!"

"सोनटक्के," मॅडम म्हणाल्या. आवाज नेहमीइतकाच दमलेला. "जा, डबी आण."

मी धावले. शिपायाशी हुज्जत घातली, सही केली, डबी आणली. परत आले तेव्हा बाळ मालाच्या मांडीवर होतं आणि सासू शेजारी मोकळ्या हातांनी बसली होती. ते हात कुठं ठेवावेत, हे तिला कळत नव्हतं. मालानं करंगळी काजळात बुडवली आणि बाळाच्या कपाळावर, अगदी मधोमध, मोठा काळा ठिपका लावला.

"केवढी गं लावलीस," सासू म्हणाली.

"असू दे."

भेटीची वेळ संपली. बाळ सासूबरोबर परत गेलं. माला स्टुलावर चढली; उंच खिडकीच्या गजांतून तिला ते फाटकापर्यंत दिसलं, मग दिसेना. ती कॉटवर येऊन बसली. गोळ्या घेतल्या, आ केला, जीभ वर केली, भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. तिच्या झग्यावर पुन्हा दोन ओले डाग होते. या वेळी मी न बोलता स्वच्छ पंचा नेऊन उशाशी ठेवला. पुढच्या गुरुवारी बाळ पुन्हा आलं. त्याच्या पुढच्याही. आमचं पोस्टिंग संपलं तरी माला वॉर्डातच होती, गोळ्या चालूच होत्या. पुढे मॅडमकडून कळलं की तिला न्यायला माहेरची माणसं आली नाहीत. सासू आली होती, आदल्या दिवसापासून फाटकाबाहेर शेंगा खात बसून.

माझ्या मुलीची पाचवी गेल्या पावसाळ्यात झाली. आईनं फ्लॅटच्या स्वयंपाकघरातला मिक्सर बाजूला सारून पाटा मांडला, कोरा कागद ठेवला, माझं ड्युटीचं पेन ठेवलं. "जागायचं हं तृप्ती," म्हणाली. "मी आहेच सोबतीला."

डोळे उघडले तेव्हा उजाडलं होतं. आई भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून घोरत होती. मुलगी जागी होती. कपाळाला इतक्या आठ्या घालून माझ्याकडे बघत होती की मला हसू आलं, आणि मग खूप वेळ ते आवरेना.

मी हात लांब करून काजळाची डबी ओढली.